एक बीम उतरेपर्यंत

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मागचे तीन वीकेंड रिलीजनं खाल्ले. या शुक्रवारी मात्र ठरवलंच होतं. लॅपटॉप बॅगेत कोंबला, संध्याकाळची हुतात्मा पकडली आणि सरळ सोलापूर गाठलं.

सोलापूरला गेलो की शनिवारी सकाळी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक फेरी असतेच. तिथं काकाचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. शेडमध्ये मागांचा खडखडाट इतका, की समोरच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागतं. त्यामुळं सगळ्या महत्त्वाच्या चर्चा गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर होतात. टपरीवरची मंडळी ठरलेली. काका, त्याच्याकडचा जॉबर (सगळे त्याला अण्णा म्हणतात, मीपण), शेजारच्या युनिटचा एक सुपरवायझर आणि अधूनमधून मी.

मी टेकलो नाही तोच काकानं विचारलं, "का बे, तू पुण्यात राहतोस, आयटीवाला आहेस, तूच सांग. अर्शिनला आयपीएलमध्ये खेळवायला पाहिजे की नको?"

आता पुण्यात राहणं, आयटीत असणं आणि आयपीएलच्या टीम सिलेक्शनचा काय संबंध, हे काकाच जाणे. पण प्रश्न डोक्यात बसला. परतीची गाडी सोमवारी पहाटेची आहे, तोपर्यंत वेळच वेळ आहे. म्हटलं लिहूनच काढू.

ज्यांना क्रिकेटचं फार वेड नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. अर्शिन कुलकर्णी हा आमच्या सोलापूरचा पोरगा. जन्म फेब्रुवारी २००५ चा. ओपनिंग बॅट्समन, आणि मध्यमगती बोलिंगही करतो. जून २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगचा पहिलाच मोसम गहुंज्याला झाला. तिथं ईगल नाशिक टायटन्सकडून पुणेरी बाप्पाविरुद्ध त्यानं ५४ बॉलमध्ये ११७ मारले. त्यात १३ सिक्स. वर बोलिंगमध्ये ४ विकेट्स. नाशिकनं ती मॅच एका रननं जिंकली. (त्याच लीगमध्ये सोलापूर रॉयल्स नावाची टीम असताना आमचा पोरगा नाशिककडून का खेळला, हा टपरीवरचा वेगळा आणि न संपणारा विषय आहे. असो.)

पुढं सगळं पटापट झालं. डिसेंबर २०२३ मध्ये अंडर-नाइन्टीन आशिया कपमध्ये अफगाणिस्तानविरुद्ध नाबाद ७० आणि ३ विकेट्स. त्याच महिन्यात दुबईच्या लिलावात लखनौ सुपर जायंट्सनं त्याला २० लाखांना घेतलं. जानेवारी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत अंडर-नाइन्टीन वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेविरुद्ध १०८. तोवर वयाची एकोणीस वर्षंही पूर्ण नव्हती. सोलापुरात तेव्हा जो-तो "आपला अर्शिन" म्हणायला लागला होता. ज्यांनी त्याला आयुष्यात कधी पाहिलं नाही तेही. मीही त्यातलाच. :-)

मग आली ३० एप्रिल २०२४. लखनौला मुंबई इंडियन्सविरुद्ध मॅच. क्विंटन डी कॉकला बाहेर बसवून अर्शिनला के. एल. राहुलबरोबर ओपनिंगला पाठवलं. नुवान तुषाराचा बॉल, अर्शिनचा आयपीएलमधला पहिला, आणि एलबीडब्ल्यू. शून्य.

पाच दिवसांनी कोलकात्याविरुद्ध पुन्हा संधी. समोर २३६ चं टार्गेट. म्हणजे पहिल्या बॉलपासून बॅट फिरवण्याशिवाय पर्याय नाही. ९ रन्स झाल्यावर स्टार्कच्या बॉलवर कड लागून बॉल उंच उडाला आणि रमणदीप सिंगनं मागं पळत जाऊन तो अशक्य वाटणारा कॅच घेतला. त्या कॅचचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. कॅच घेणाऱ्याचं नाव सगळ्यांच्या लक्षात राहिलं. आउट कोण झालं ते बहुतेकांच्या नाही.

झालं. त्या मोसमापुरता विषय संपला. दोन मॅच, नऊ रन्स.

नोव्हेंबर २०२४ च्या जेद्दाच्या लिलावात लखनौनं त्याला पुन्हा घेतलं, ३० लाखांना. २०२५ च्या मोसमातही तो बहुतेक काळ डगआउटमध्येच होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याला पुढच्या मोसमासाठीही राखून ठेवलं. म्हणजे टीमला तो हवा आहे, सोडवत नाही. पण पहिल्या दोन मोसमांत खेळवावासाही वाटला नाही.

आणि म्हणून टपरीवरचा प्रश्न. त्याची जागा बनते की नाही?

आधी माझ्या डोक्यातला सोलापूरकर बाजूला ठेवतो. तो तर "बनतेच!" म्हणून ओरडतोय. इंजिनिअरला बोलू देऊ.

इंजिनिअर म्हणतो की लखनौचंही काही चुकलं नाही. २०२५ मध्ये त्यांच्याकडं ओपनिंगला मिचेल मार्श आणि एडन मार्करम होते, तिसऱ्या नंबरवर निकोलस पूरन. मार्शनं त्या मोसमात सहाशेच्या वर रन्स केले, पूरननं पाचशेच्या वर. यातल्या कुणाला काढून वीस वर्षांच्या पोराला घ्या, असं तुम्ही कोचला सांगाल? मी नाही सांगणार. लीगच्या फक्त १४ मॅच असतात आणि प्रत्येक मॅचचे दोन पॉइंट. ती काही शाळा नाही.

वर २०२३ पासून आयपीएलमध्ये इम्पॅक्ट प्लेअरचा नियम आला. आधी थोडी बॅटिंग, थोडी बोलिंग करणाऱ्या पोराला टीममध्ये सहज जागा मिळायची, कारण तो दोन कामं करायचा. आता बॅटिंगला एक स्पेशालिस्ट उतरवा, बोलिंगच्या वेळी त्याला काढून दुसरा स्पेशालिस्ट आणा. ऑलराउंडरचं मोल कमी झालं. रोहित शर्मानं २०२४ मध्ये हे उघडपणे बोलूनही दाखवलं होतं, की या नियमामुळं ऑलराउंडर तयार होणार नाहीत. अर्शिन नेमका त्याच जातकुळीतला.

आणि तिसरी गोष्ट, जी सोलापुरात बोलायची सोय नाही. ५४ बॉलमधले ११७ यानंही काही सिद्ध होत नाही. तो एक दिवस होता. अप्रतिम दिवस होता, पण एकच. दोन वाईट मॅचवरून पोरगा फेल ठरत नसेल, तर एका ग्रेट मॅचवरून तो पासही ठरत नाही. एकच नियम दोन्हीकडं लावायला पाहिजे.

इथपर्यंत काकाला सांगितलं तर तो वैतागला. "म्हणजे तुझं म्हणणं काय? नको खेळवायला?"

थांबा. आता माझं म्हणणं.

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर मी एक टाइमपास केला. समजा, एक चांगला टी-२० ओपनर आहे. अगदी चांगला. पण ओपनरचं काम असं असतं की नवा बॉल मारायला गेलं की उडतंच कधीतरी. म्हणून समजा, तीनपैकी एका डावात तो दहाच्या आत आउट होतो. (हा आकडा मी गृहीत धरलाय, कुठल्या रेकॉर्डमधला नाही.) आता दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि या काल्पनिक ओपनरला १४-१४ मॅचचे एक लाख मोसम खेळवले. प्रश्न एवढाच, की किती मोसमांत तो निदान एकदा तरी लागोपाठ दोन वेळा दहाच्या आत आउट झाला?

शंभरातल्या जवळजवळ ७१ मोसमांत!

कागदावर गणित करून पाहिलं, तेवढंच येतं. म्हणजे चांगला ओपनर असला तरी दहापैकी सात मोसमांत त्याच्या वाट्याला तसल्या दोन मॅच येणारच आहेत. फरक इतकाच, की मार्शच्या वाट्याला त्या सहाव्या आणि सातव्या मॅचला आल्या तर आपण म्हणतो "फॉर्म गेलाय, येईल." नव्या पोराच्या वाट्याला त्या पहिल्या आणि दुसऱ्या मॅचला आल्या तर आपण म्हणतो "या लेव्हलचा नाही."

नव्या पोराच्या पहिल्या दोन मॅचमधून आपल्याला त्याच्याबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. पण आपल्याला वाटतं की कळलं.

याचं सगळ्यात झणझणीत उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. ऋतुराज गायकवाड. २०२० चा मोसम, यूएई. चेन्नईकडून त्याचे पहिले तीन डाव: ०, ५, ०. पहिल्यांदा तर पहिल्याच बॉलवर स्टम्प. मधल्या काळात त्याला बाहेर बसवलं. त्याच मोसमात धोनी तरुण खेळाडूंमध्ये हवी ती ठिणगी दिसली नाही अशा अर्थाचं बोलला आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. मग चेन्नई प्लेऑफच्या शर्यतीतून बाहेर गेल्यातच जमा झाली, म्हणजे गमावण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्याला सलग खेळवलं. ६५ नाबाद, ७२, ६२ नाबाद. लागोपाठ तीन.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पुढचा भाग लोक विसरतात. २०२१ चा मोसम त्यानं कसा सुरू केला? ५, ५, १०. पुन्हा तेच! पण या वेळी चेन्नईनं त्याला हलवलं नाही. चौथ्या मॅचला ६४. मोसम संपला तेव्हा ६३५ रन्स, ऑरेंज कॅप आणि चेन्नईला कप.

आता विचार करा. २०२० मध्ये चेन्नई नेहमीसारखी प्लेऑफमध्ये गेली असती, तर त्या शेवटच्या तीन मॅच ऋतुराजला मिळाल्या असत्या का? मला नाही वाटत. टीम हरली म्हणून पोरगा सापडला.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये यावर एक व्यवस्था आहे. मी प्रोजेक्टसाठी दोन वर्षं कोलंबसला होतो, ओहायोत. तिथं कोलंबस क्लिपर्स नावाची टीम आहे. ही मोठ्या लीगमधली टीम नाही, क्लीव्हलँडच्या टीमची खालची टीम. क्लीव्हलँडला जे पोरगं उद्या वर न्यायचंय ते इथं खेळतं. तिकीट स्वस्त आणि ठरावीक दिवशी दहा सेंटला हॉट डॉग मिळायचा, त्यामुळं आम्ही चार देशी बॅचलर नियमित प्रेक्षक. बेसबॉल कळायला मला एक अख्खा उन्हाळा लागला. पण एक गोष्ट लगेच कळली. ती पोरं जवळजवळ रोज खेळायची. वरच्या टीमच्या यादीत २६ जागा, त्यातली एक मिळावी म्हणून खाली मोसमात शंभराहून जास्त मॅचेस. वर बोलावलं, नाही जमलं, तर बेंचवर कुजत नाही. पुन्हा खाली पाठवतात आणि दुसऱ्या दिवशी तो परत खेळत असतो.

तिथं विली मेजची गोष्ट सांगतात. १९५१ साल. खालच्या टीममध्ये हा विशीतला पोरगा इतका जबरदस्त खेळत होता की न्यूयॉर्क जायंट्सनं त्याला वर बोलावलं. पहिल्या बारा वेळा बॅटिंगला आला, एकही हिट नाही. तेराव्या वेळी होमरन. मग पुन्हा दुष्काळ. पोरगा मॅनेजरसमोर रडला, म्हणाला मला परत खाली पाठवा. मॅनेजर लिओ ड्युरोशर त्याला म्हणाला की मी इथं मॅनेजर आहे तोवर सेंटर फील्डला तूच खेळणार. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा खेळाडू विली मेज ठरला आणि पुढं कारकिर्दीत ६६० होमरन.

आता इथं प्रामाणिकपणे एक कबूल करतो. या गोष्टी ऐकायला गोड वाटतात कारण त्या ज्यांची पुढं भरभराट झाली त्यांच्या असतात. ज्या पोरांना भरपूर संधी मिळाली आणि तरीही जमलं नाही, त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही. त्यामुळं "ऋतुराजला जमलं म्हणजे अर्शिनला जमेल" असं मी म्हणत नाहीये. मी म्हणतोय ते एवढंच, की ज्याची परीक्षा झाली नाही त्याचा निकाल लावू नका.

आमच्याच जिल्ह्यातली किरण नवगिरे घ्या. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची. २०२२ मध्ये नागालँडकडून खेळताना टी-२० मध्ये ७६ बॉलमध्ये १६२. काही महिन्यांत इंडियाची कॅप. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या मॅचेस, त्यात रन्स झाले नाहीत आणि बाहेर. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध तिनं ३४ बॉलमध्ये शतक ठोकलं. महिलांच्या टी-२० मध्ये तोवर इतकं जलद शतक कुणीच केलं नव्हतं. आता मला सांगा, या तीन वर्षांत ती आधी चांगली होती, मग वाईट झाली, मग जगात सगळ्यात भारी झाली का? की आपणच प्रत्येक वेळी थोडंसंच पाहून मोठं मत बनवलं?

हे सगळं मी टपरीवर मोठ्या उत्साहानं मांडलं. (एक लाख मोसम वगैरे. सुपरवायझर साहेब मध्येच उठून गेले.) अण्णा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "सायेब, हे तर आम्ही रोजच करतो की."

म्हणजे?

नवा विणकर आला की अण्णा काय करतो, ते त्यानं सांगितलं. टॉवेलच्या मागाला ताण्याचे दोन बीम असतात, एक खालच्या विणीचा आणि एक त्या मऊ लूपचा. नवीन पोराला आल्या आल्या जॅकार्डची डिझाइन देत नाही. साधा नॅपकिन लावतो. जुना विणकर अनेक माग सांभाळतो, याला एकच माग देतो. पहिल्या दिवशी धागे तुटतात, कळत नाही, माल सेकंडमध्ये जातो. दुसऱ्या दिवशीही जातो. अण्णा काही बोलत नाही.

"बीम उतरेपर्यंत बोलायचं नाही," अण्णा म्हणाला. "एक बीम पूर्ण संपू द्यायचा. मधेच हलवलं तर त्याला बी कळत नाही, मला बी कळत नाही. बीम उतरल्यावर मी शेवटचे नग बघतो, पहिले बघत नाही."

"आणि तरी नाही जमलं तर?" मी विचारलं.

"मग सांगतो, तुला जमत नाही. कांडीवर जा, पॅकिंगला जा. तोंडावर सांगतो. एक बीम दिलाय ना त्याला."

काकाला मात्र हे इतकं सहज पटेना. शेवटी सूत त्याचं. "अण्णाला काय जातंय बोलायला? सेकंडचा माल मला पडत्या भावात विकावा लागतो. तो तोटा कोण भरणार?"

हा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि कुठल्याही फ्रँचायझीचा मालक हेच विचारणार. नव्या पोराला खेळवण्याची किंमत असते, ती कुणीतरी भरतंच. पण काकाच्याच बोलण्यातून मला उत्तर सापडलं. एक बीम दिला तर तोटा होतो, पण शेवटी पोरगं विणकर आहे की नाही हे कळतं. दोन दिवसांत हलवलं तर दोन दिवसांचा माल सेकंडमध्ये जातो आणि पोरगं विणकर आहे की नाही हे तरीही कळत नाही. पुढच्या महिन्यात नवा पोरगा, पुन्हा दोन दिवस, पुन्हा सेकंड. खर्च पूर्ण, उत्तर शून्य. याच्यापेक्षा त्याला मागावर न चढवलेलं परवडलं.

लखनौनं २०२४ मध्ये नेमकं हेच केलं असं माझं मत आहे. डी कॉकसारखा माणूस बाहेर बसवायची किंमत मोजली आणि बदल्यात काहीच शिकले नाहीत. ना त्या पोराला काही कळलं, ना टीमला.

तर काका, हे माझं उत्तर. अर्शिनची टीमच्या यादीत जागा आहे, त्याबद्दल शंका नको. जानेवारी २०२५ मध्ये विजय हजारेच्या क्वार्टर फायनलला त्यानं पंजाबविरुद्ध १०७ केले, समोर अर्शदीप होता. म्हणजे पोरगं पन्नास ओव्हरच्या क्रिकेटमध्येही उभं राहू शकतं. पण अकरात जागा "बनते" का, हे मला माहीत नाही, तुला माहीत नाही आणि दोन मॅच पाहून कुठल्याच टीमला माहीत असू शकत नाही. म्हणून कुठलीही टीम त्याच्यासारख्या पोराला उतरवणार असेल तर आधी ठरवावं की सलग सहा मॅच, एकाच नंबरवर, आणि तोवर स्कोअरकार्डकडं बघून कुणी भुवया उंचावायच्या नाहीत. ते परवडत नसेल तर दोन महिने डगआउटमध्ये बाटल्या पोचवण्यापेक्षा त्याला सोडा, कुठंतरी रोज खेळू दे. आयपीएलमध्ये क्लिपर्ससारखी खालची टीम नाही, ही खरी मेख आहे. मोसम चालू असताना बाहेर बसलेल्या पोराला नेट्स मिळतात, मॅच मिळत नाही. आणि नेट्समध्ये कुणी रमणदीपसारखा कॅच घेत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस एका क्रिकेटरसाठी एवढं का तापलाय. तर खरं कारण सांगतो.

मी २००८ मध्ये पुण्यात जॉइन झालो. तेव्हाची मंदी आठवणाऱ्यांना "बेंच" या शब्दाचा अर्थ सांगायला नको. मला तीन महिन्यांनी पहिला प्रोजेक्ट मिळाला. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या एका चेंजनं क्लायंटचा रात्रीचा जॉब बसला. त्याच्या पुढच्या आठवड्यात डेमोला माझी बोबडी वळली. (मराठी मीडियम, समोर स्पीकरफोनवर अमेरिकन. पुढचं तुम्हीच समजून घ्या.) मला गोड शब्दांत प्रोजेक्टवरून काढलं. मग सात महिने बेंच. रोज सकाळी बस पकडायची, कार्ड स्वाइप करायचं, कँटीनमध्ये बसायचं आणि घरी आईला फोनवर सांगायचं की काम छान चाललंय. काका तेव्हा विचारायचा, "काय करायलास बे तिकडं पुण्यात?" आणि मी विषय बदलायचो.

त्या सात महिन्यांत मला मनापासून पटलं होतं की मी या लेव्हलचा नाही. दोन चुका, पण माझ्या मनानं निकाल लावून टाकला होता. शेवटी एका सीनियरनं मला एका कंटाळवाण्या मेंटेनन्स प्रोजेक्टवर घेतलं, जिथं कुणालाच जायचं नव्हतं. तो म्हणाला, चार महिने तू इथं आहेस, मग बोलू. चार महिन्यांत मी सुरुवातीला पुन्हा दोन घोळ घातले. तो काही बोलला नाही. त्याला बीम वगैरे माहीत नव्हतं, नाशिकचा होता.

आणि आता गंमत बघा. आज मी लीड आहे. माझ्या टीममध्ये दोन महिन्यांपूर्वी एक फ्रेशर आला. लातूरकडचा आहे. त्याचे दोन डेमो पडले. गेल्या गुरुवारी मॅनेजरनं मला विचारलं की याला सोडायचं का, सोमवारी सांग. आणि मी, हो मीच, म्हणालो, "मलाही तसंच वाटतंय."

शुक्रवारच्या हुतात्मात बसलो तेव्हा माझा निर्णय जवळजवळ झाला होता. शनिवारी टपरीवर दुसऱ्याच्या पोराबद्दल तावातावानं भांडताना मला माझंच वाक्य आठवलं आणि चहा घशाखाली उतरेना.

दोन डेमो. त्यातला एक तर मी त्याला आदल्या संध्याकाळी सांगितला होता. २३६ चं टार्गेट देऊन पहिल्या बॉलपासून मार म्हटल्यासारखं.

मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलाय. आठ आठवडे, एकच मॉड्यूल, काय जमलं म्हणजे जमलं ते आधीच लिहून दिलेलं, आणि आठव्या आठवड्यापर्यंत डेमो दुसरा कुणीतरी देईल. डेडलाइन थोडी घसरेल, ते मॅनेजरला स्पष्ट लिहिलंय. तो कुरकुरेल. काकासारखंच विचारेल की तोटा कोण भरणार, आणि ते विचारणं त्याचं कामच आहे.

त्या पोराला जमेल की नाही, मला खरंच माहीत नाही. आठ आठवड्यांनी कदाचित मलाच त्याला समोर बसवून सांगावं लागेल की बाबा रे, नाही जमत. पण तेव्हा ते सांगायचा अधिकार तरी मला असेल. गुरुवारी तो नव्हता.

चला, पहाटे गाडी आहे. झोपतो.

ता.क. - येताना शेंगा चटणी आणलीय. टीमसाठी एक किलो. त्या लातूरवाल्याला जास्त देणार नाही, नाहीतर त्याला उगाच काहीतरी शंका यायची. :-)